नाकतोड्याची जात

माणूस पृथ्वीचा धनी झाला तो अग्नीच्या किंवा हत्याराच्या जोरावर नव्हे, तर नाव ठेवण्याच्या जोरावर. ज्या जिवाला माणसाने नाव ठेवलं तो त्याच्या ताब्यात आला. ज्याला अजून नाव नाही, तो अजून मोकळा आहे.

प्राध्यापक निवृत्ती भिमाजी तिडके ही वाक्यं दर जुलैत प्राणिशास्त्राच्या पहिल्या तासाला उच्चारत, आणि तास संपायच्या आत मागचा बाक त्यांना 'टोळभैरव' असं नाव ठेवून मोकळा होई. त्यांचा विषय टोळ आणि नाकतोडे हा होता, एवढंच कारण पुरे होतं. नाव ठेवण्याची शक्ती मानवजातीत किती सढळ हाताने वाटली गेली आहे, हे सिद्ध करायला त्यांना दुसरा पुरावा शोधावा लागत नसे.

घरात त्यांना नुसतं निवृत्ती म्हणत, तेव्हा आपणही तसंच म्हणू. नाव निवृत्ती असलं तरी निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. वीसेक वर्षं नाशकातल्या एका कॉलेजात शिकवून त्याने सातपूरला फ्लॅट घेतला होता, आणि एका गोष्टीची मनातल्या मनात वाट बघत होता. आपण एकदा तरी एखाद्या नव्या नाकतोड्याला नाव ठेवावं. मराठीत या प्राण्याला नाकतोडा का म्हणतात, देव जाणे. त्याने आजवर कुणाचं नाक तोडल्याचं ऐकिवात नाही.

गाव ओझरच्या पलीकडे. तिथे वडिलांच्या मागे थोरला भाऊ रंगनाथ मळ्यातल्या वस्तीवर राहून द्राक्षं करत होता. वस्तीच्या मागे दोघा भावांच्या नावावरचा एक माळ होता. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं, मधूनमधून एखादी बोर. शिवारातले बाकीचे माळ केव्हाच मोडले होते. जिकडेतिकडे द्राक्षांचे मांडव आणि लोखंडी अँगल. हा एकच शिल्लक होता, त्याचं कारण निवृत्ती. रंगनाथ दरवर्षी माळ सपाट करायचं काढी आणि निवृत्ती दरवर्षी म्हणे, "राहू दे ना, दादा." का राहू दे, हे मात्र त्याला सांगता येत नसे. माळ त्याला आवडे. पण आवडणं हे काही पीक नव्हे, आणि शेतकऱ्यासमोर ते कारण म्हणून ठेवताना प्राध्यापकालाही लाज वाटते.

ते वर्ष सिंहस्थाचं होतं, दोन हजार तीनचं. पितृपक्षात वडिलांच्या, भिमाजींच्या, तिथीला निवृत्ती आणि त्याची बायको दीपमाला स्कूटरवरून वस्तीवर आले. कुसाबाई वहिनींनी वडे, खीर, भोपळ्याची भाजी, कढी असं साग्रसंगीत पान वाढलं आणि रंगनाथने ते नेऊन माळाच्या कडेला ठेवलं. मग सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

कावळा आला, पण पानाला शिवेना. शेजारच्या बाभळीवर बसून त्याने चोच घासली, खाली उतरला, वड्याकडे बघून मान वाकडी केली, आणि उड्या मारत गवतात शिरला. तिथून त्याने एक नाकतोडा उचलला आणि पुन्हा बाभळीवर जाऊन बसला.

कुसाबाईंनी हात जोडले. "शिवला बाई."

"पानाला कुठं शिवला?" रंगनाथ म्हणाला. "किड्याला शिवला."

"मामंजींनी वडा कधी गोड मानून घेतला व्हता? जे पायजे ते घेतलं त्यांनी."

यावर घरात बराच खल झाला. किड्याला शिवलेला कावळा पितरांच्या हिशेबात धरायचा की नाही, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं. दीपमालाने सुचवलं की बाबांना विचारायचं असेल तर पुढच्या वर्षी पानात थोडे नाकतोडे तळून ठेवावेत. या चर्चेत निवृत्ती नव्हता. कावळ्याच्या चोचीत तडफडणाऱ्या त्या जिवाचे पंख पाठीच्या निम्म्यावरच संपलेले त्याला दिसले होते, आणि तो बाभळीच्या दिशेने पळत सुटला होता. कावळा उडाला. कावळ्याबरोबर नाकतोडाही गेला. मग निवृत्ती सोवळ्याचा पंचा वर खोचून गवतात गुडघ्यांवर बसला, आणि घटकाभराने त्याने तसलाच दुसरा एक खिरीच्या द्रोणाखाली धरला.

लोक खिशात पेन ठेवतात तसं निवृत्ती हातभिंग ठेवी. त्याने द्रोणाखालून नाकतोडा काढून दोन बोटांत धरला आणि बघितलं. मादी होती. वाळल्या गवताच्या रंगाची, तिरप्या तोंडाची. मानेमागच्या खोगिरासारख्या भागावर तीन काळ्या रेघा, आणि मागच्या पायांच्या नडग्या स्वच्छ निळ्या. पंख आखूड. आखूड पंख म्हणजे नुसतं पिल्लू, अजून वाढायचं असलेलं, असं कुणीही म्हणेल. पण पिल्लाच्या पंखांचे कोंब उलटे असतात, मागचा पंख वर आणि पुढचा खाली. इथे पुढचा पंख वर होता. म्हणजे ही वाढ पूर्ण झालेली बाई होती आणि तिचे पंख एवढेच होते. निवृत्तीने या भागातल्या सगळ्या माहीत असलेल्या जाती मनातल्या मनात चाळल्या. आखूड पंखांची, निळ्या नडगीची एकही नव्हती.

जेवताना त्याने ही गोष्ट जमेल तितक्या साध्या आवाजात सांगितली. बहुतेक नवी जात असेल, असं म्हणाला.

रंगनाथचा घास थांबला. "किड्यातबी जाती असत्यात?"

"शास्त्रातली जात वेगळी, दादा."

"मंग ती ओळखायची कशी?"

निवृत्तीने वर्गात सांगतात ती व्याख्या सांगितली. रूप सारखं असून चालत नाही. ज्यांची आपसांत पैदास होते आणि इतरांशी होत नाही, ती एक जात.

"म्हंजी बेटीव्यवहार," रंगनाथ म्हणाला. "मंग वेगळी कशी काय? हीच की ती."

पहिल्या वर्षाच्या वर्गाला ही व्याख्या मार्चपर्यंत कळत नसे. इथे ती भाताचा दुसरा वाढा यायच्या आत कळली होती, आणि निवृत्तीला त्याचा आनंद मानावा की कसं, हे ठरवता आलं नाही. त्याने पुढचं सांगितलं. एकट्या मादीवर काही सिद्ध होत नाही, तिचा नर सापडायला हवा.

"नवरदेव."

"नवरदेव म्हण."

वातावरण खिरीमुळे निवळलं होतं, कावळ्याचंही कुठेतरी मनात होतं. निवृत्तीने संधी साधली. नवी जात निघाली तर ती जगात फक्त आपल्याच माळावर आहे असं होईल, तिला नाव ठेवायचा मान आपला, आणि आपण बाबांचं नाव ठेवू, असं तो एका दमात बोलून गेला.

रंगनाथ त्याच्याकडे बघत राहिला. "बाचं नाव किड्याला?"

"लॅटिनमध्ये असतं ते."

"मंग चालंल. कुनाला कळनार नाय." त्याने हात धुतला आणि पाठ भिंतीला टेकवली. "हे बघ मास्तर. दिवाळीच्या पाडव्यापातुर तुला टाइम. नवी जात निघाली तर माळ तुझा, मी त्याच्याकडं बघनारबी नाय. नाय निघाली तर जेसीबी घालतो. मंग 'राहू दे ना दादा' नाय म्हनायचं."

निवृत्तीने कबूल केलं. आयुष्यात प्रथमच माळाच्या बाजूने त्याच्याकडे एक कारण होतं, आणि त्याला सहा पाय होते.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तो आग्रा रोडने स्कूटर हाकत वस्तीवर येऊ लागला. डोक्याला टोपी, हातात जाळं. गवतातला नर मांड्या पंखांवर घासून गातो आणि प्रत्येक जातीचं गाणं वेगळं असतं, म्हणून तो माळावर बसून कान देई. जरा कुठे करकर ऐकू येऊ लागली की ओझरच्या कारखान्यातून चाचणीचं विमान डोक्यावरून जाई, आणि मग माळावर बराच वेळ कुणीच गात नसे. निवृत्तीला दुसरं काही जमलं नाही तरी विमानांचं वेळापत्रक पाठ झालं.

गावात ही बातमी पसरायला दूध डेअरीचा एक फेरा पुरला. जो तो विचारू लागला, सर, नवरदेव सापडला का? निवृत्तीच्याच नावाचा एक म्हातारा पानवाला होता. त्याने आपल्या पाहुण्यांत एक स्थळ असल्याचं सांगितलं, फक्त पंख थोडे जास्त आहेत म्हणाला. कुणी बारशाला बोलवायला विसरू नका म्हणे, कुणी विचारी की नाव ठेवायला आत्या लागते, ती कुठून आणणार. निवृत्तीला बहीण नव्हती. हे लोक चेष्टा करतात, पण प्रश्न मुद्द्याचे विचारतात, असं त्याला वाटून गेलं.

माद्या सापडत होत्या. माळाच्या वरच्या अंगाला, जिथे गुरंसुद्धा फारशी जात नसत, तिथे आखूड पंखांच्या माद्या बऱ्यापैकी होत्या. नर मात्र नाही. आखूड पंखांचा एकही नर नाही. लांब पंखांचे साधे नाकतोडे पावलागणिक उडत होते. कुठल्याही बांधावर, रस्त्याच्या कडेला, कॉलेजच्या मैदानावरसुद्धा असतात तसले. निवृत्ती त्यांना जाळ्यातून झटकून टाकी. मुलगी आखूड पंखांची म्हणजे नवराही आखूड पंखांचाच असणार, हे तो धरूनच चालला होता. हे गृहीतक त्याने कुठल्याही ग्रंथातून घेतलेलं नव्हतं. ते तो घरातून घेऊन आला होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो पहाटेच निघाला. माळावर दहिवर पडलं होतं, आणि गारठलेले नाकतोडे उन्हाची वाट बघत काड्यांना चिकटून होते. अशा वेळी ते उडत नाहीत. वरच्या अंगाला, कुसळीच्या एका वाकलेल्या काडीवर, त्याला ते दोघे दिसले. खाली आखूड पंखांची मादी. तिच्या पाठीवर लांब पंखांचा साधा, बांधावरचा नर. आणि काय चाललंय याबद्दल शंकेला जागा नव्हती.

निवृत्ती उकिडवा बसला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो शास्त्रज्ञाचा नव्हता, वधुपित्याचा होता. अशा गोष्टी घडतात. चांगल्या चांगल्या घरांत घडतात; एखादी पोर चुकते, म्हणून सगळ्या जातीला बोल लावायचा नसतो. एका जोडीने काही सिद्ध होत नाही. हे मनाशी पक्कं करून तो उठला आणि पुढे गेला. वीस पावलांवर दुसरी जोडी होती. बोरीच्या पलीकडे तिसरी.

तिसऱ्या जोडीतला नर त्याने अलगद उचलला आणि भिंगाखाली धरला. तिरपं तोंड. खोगिरावर तीन काळ्या रेघा. नडग्या निळ्या.

हा नाकतोडा त्याला चांगला माहीत होता. कॉलेजच्या काचपेटीत टाचणीला टोचलेला, दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला बाहेर निघणारा, तो हाच. फक्त पेटीतल्या नाकतोड्याच्या नडग्या तपकिरी होत्या. मेल्यावर निळा रंग उडून जातो, हे निवृत्तीने वाचलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं. पण जिवंत पायाचा निळा त्याने या सप्टेंबरपर्यंत कधी नीट बघितलाच नव्हता. वीस वर्षं तो मेलेला नाकतोडा शिकवत आला होता.

ऊन वर आलं तसा नर बोटावरून उडाला आणि लांब जाऊन उतरला. निवृत्ती तिथेच गवतात बसून राहिला. आता त्याला सगळं कळत होतं. काही नाकतोड्यांत एकाच जातीत दोन तऱ्हा असतात. जिथलं गवत दरवर्षी मोडतं, जळतं, तिथून उठून जावं लागतं, म्हणून पंख लांब. आणि जिथे पिढ्यान् पिढ्या कुठे जायची वेळच आलेली नसते, तिथे काही माद्या पंखांवर शक्ती घालवत नाहीत. त्या अंडी घालतात आणि असतात तिथे राहतात. म्हणजे या आखूड पंखांचा अर्थ एवढाच होता की हा माळ फार जुना आहे आणि त्याला फार काळ कुणी हात लावलेला नाही. खरं तर माळ राखायला हे कारण जास्त चांगलं होतं. पण सौदा यावर झाला नव्हता. सौदा जातीवर झाला होता.

आणि मग दुसरा विचार आला. तो इतका सोपा होता की निवृत्तीने आजूबाजूला बघितलं. नवी आहे म्हणून सांगितलं तर? रंगनाथला कळणार नव्हतं. तालुक्यात कळेल असं कुणी नव्हतं. जिल्ह्यातही, आपण सोडून, नव्हतं. माळ वाचला असता. बाबांचं नाव लॅटिनमध्ये आहे असं भाऊ मरेपर्यंत अभिमानाने सांगत राहिला असता. कुणाचं काही वाईट होणार नव्हतं, उलट एका सबंध माळाचं भलं होणार होतं. खोटं बोलायला इतकी मोकळी, हवेशीर जागा त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती.

तो उतरून खाली आला तेव्हा रंगनाथ बागेत होता. छाटणी झाली होती, आणि छाटलेल्या काड्यांचे डोळे लवकर फुटावेत म्हणून तो हातमोजे घालून त्यांना पेस्ट लावत होता.

"सापडला का नवरदेव?"

"सापडला."

"कसा हाय?"

निवृत्तीने मांडवाचा अँगल धरला. अँगल गार होता. "ओळखीतलाच निघाला," तो म्हणाला. "बांधावरचा."

रंगनाथचा हात थांबला. "म्हंजी जात तीच."

"तीच."

"नक्की? एखादी पळून गेली आसंल."

"तीन जोड्या बघितल्या."

"तीन म्हंजी मंग रीतच झाली ती." रंगनाथने पुढची काडी धरली, पण पेस्ट लावली नाही. "मास्तर, तू नवी हाय म्हनला असता तर मला काय कळनार व्हतं?"

"काही नाही."

"मंग?"

"मग मला नाव ठेवायला जागा राहिली असती, दादा."

"कुनाला?"

"मलाच."

रंगनाथने मान हलवली. पटलं म्हणून की कीव आली म्हणून, हे त्या हलण्यावरून कळण्यासारखं नव्हतं. "बाचं नाव ऱ्हायलं मंग," एवढंच तो म्हणाला, आणि वहिनींना चहा टाकायला सांगायला वस्तीकडे वळला.

निवृत्ती सातपूरला परतला तो हलका होऊन. माळ गेला होता, नाव गेलं होतं. पण स्कूटर नेहमीपेक्षा बरी चालते आहे असं त्याला वाटत होतं. त्याने दीपमालाला सगळं सांगितलं. खोटं बोलायचा विचार आला होता हेही सांगितलं. ती पिठाचे हात तसेच ठेवून ऐकत होती. "बरं केलंत," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द फार क्वचित निघत, आणि तेही बहुधा कचरा बाहेर नेऊन टाकल्यावर.

पुढचे दिवस त्याने एका वेगळ्याच समाधानात काढले. त्यात माळाचं दुःख होतं, पण दुःखाला एक प्रकारचा घाट होता. एका शेतकऱ्याने एका किड्यासाठी आपलं काम सबंध हंगाम थांबवून धरलं. एका प्राध्यापकाने आपल्या तोट्याचं असूनही त्याला खरं उत्तर दिलं. शास्त्र म्हणजे शेवटी दुसरं काय असतं? दोन माणसं उत्तर येईपर्यंत थांबायला तयार असतात, एवढंच. पुढल्या जुलैत पहिल्या तासाला नावांऐवजी हेच सांगावं, असंही त्याने ठरवून टाकलं.

पाडव्याला दोघे वस्तीवर जेवायला गेले. माळ राहिला नव्हता. त्या जागी तांबड्या मुरमाचं सपाट मैदान होतं, आणि त्याच्या एका कडेला पिवळा जेसीबी उभा होता. निवृत्तीने एकदा बघितलं आणि मग पाठ करून पाय धुतले. ओसरीवर पंगत बसली. त्याच्या शेजारी जेसीबीचा ड्रायव्हर गोटीराम होता. सणाच्या दिवशी वस्तीवरच्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, म्हणून कुसाबाईंनी त्यालाही बसवलं होतं. त्या श्रीखंड वाढत होत्या. रंगनाथ पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीतून फिरत होता.

निवृत्तीला वाटलं, आपणच चार शब्द बोलून हा अवघडलेपणा मोडावा. तो गोटीरामला म्हणाला, की तुमची फार धावपळ झाली असेल, आमच्यामुळे सगळं लांबलं, आणि रविवारी माझा निकाल लागल्यावर दादांनी तुम्हाला ऐनवेळी निरोप धाडला.

"ऐनवेळी कुठं सर?" गोटीरामने पुरी मोडली आणि श्रीखंडात बुडवली. दिवाळीत गाडी कुणाला मिळत नाही, म्हणून ही तारीख रंगनाथभाऊंनी गणपती बसले त्याच दिवशी घेऊन ठेवली होती.